इंजिनवरून उतरताना

दौंड
ता. ८ जुलै २०२४

प्रिय ताईस,
येशुदासचा सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या कानातलं मशीन पुन्हा शिट्टी मारतंय हे वाचून तुझी भावजय जस्मिन हसली. मी हसलो न्हाई. तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून मला हे लिहायला बसावं लागतं, आन् माझं अक्षर तुला माहीत हाय.

बातमी अशी, की यंदा रेल्वेच्या मेडिकलला मी अडकलो. काटा शंभराच्या पुढं गेला, बीपी वाढलेलं, साखर काठावर. डॉक्टर म्हणाले, सध्या कामावर राहा, पण वजन उतरवा. चार महिन्यांनी बघू, आणि तेव्हाही असंच असलं तर तुम्हाला इंजिनवरून उतरवावं लागेल.

ताई, सगळी उमर मालगाडी ओढण्यात गेली. आता ड्रायव्हरांच्या लॉबीत टेबलामागं बसून दुसऱ्यांच्या ड्युट्या लावू काय? तवा मी ठरवलंय. भात बंद, साखर बंद, रात्रीचं जेवण बंद. काचेचा नवा काटा आणलाय. जस्मिन म्हणते, डॉक्टरांनी एवढं काही सांगितलं नव्हतं. तिला काय कळतंय!

काळजी करू नकोस. तुझी माया तेवढी कमी करू नकोस, बाकी सगळं कमी करतोच आहे.

तुझा,
येशुदास

शिरूर
ता. १७ जुलै २०२४

चि. येशुदास यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून काळजीही वाटली आणि हसूही आले. आपल्या घराण्याचा बांधाच रुंद. मीही हल्ली चर्चच्या पायऱ्या भिंतीला धरून चढते. शेजारची बानूबाई म्हणते, बाई, तुम्ही बाकावर बसलात की दुसऱ्या टोकाचा माणूस वर उचलला जातो. तिच्या तोंडाला कोण लागणार?

वजन उतरव, जरूर उतरव. पण सगळेच एकदम बंद का? परीक्षा जवळ आली की काही मुले खाणेपिणे सोडून घोकत बसायची आणि ऐन पेपराला त्यांना काही आठवायचे नाही. शाळेत मी हे दर वर्षी पाहिले आहे. तू वर्गातला नाहीस, तुझ्या हातात गाडी असते.

पुढच्या महिन्यात आमच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीची भक्ती आणि मग सगळ्यांचे एकत्र प्रीतिभोजन आहे. दोघेही या. तुला ताटात काय वाढायचे ते मी पाहीन, आणि माझ्या ताटाकडे तू पाहायचे नाहीस.

जस्मिनला आशीर्वाद. तिच्यावर ओरडत नसशील अशी आशा आहे.

तुमचे भले चिंतणारी,
ताई

दौंड
ता. २२ ऑगस्ट २०२४

प्रिय ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

प्रीतिभोजनाला आलो नाही, राग मानू नकोस. ड्युटी होती असं समज. एवढ्या ताटांमध्ये जाऊन बसायचं म्हंजी नको वाटतं. कुणीतरी आग्रह करणार, मी नको म्हणणार, मग सगळे माझ्याकडं बघणार.

वजन चांगलं उतरतंय. लॉबीत सगळे म्हणतात, मामा, तुम्ही तर हिरो झालात. पँट ढिली झाली, पट्ट्याला नवं भोक पाडलं. झोप येत न्हाई, पण ते बरंच हाय, तेवढा वेळ चालून येतो. एका जागी बसवत न्हाई. आंघोळीआधी एक वजन करतो, नंतर एक. नंतरचं कधी कधी जास्त भरतं. असं कसं होतं कुणास ठाऊक. मग तो दिवस वाईट जातो.

घाईत आहे. बसलो की वाटतं काहीतरी राहिलंय.

आहे तसाच तुझा,
येशुदास

दौंड
ता. ५ सप्टेंबर २०२४

ती. दबोराताईंना,
जस्मिनचा सा. सलाम. वि. वि.

ताई, हे पत्र मी त्यांना न सांगता लिहिते आहे. तुम्ही मोठ्या आहात, आणि दुसऱ्या कुणाला सांगू?

मी रोज डबा देते. दोन भाकरी, भाजी, डाळ, काकडी. सरकारी दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी जसं सांगितलं तसंच. डबा पुसून काढल्यासारखा रिकामा येतो, म्हणून मी निर्धास्त होते. परवा बाजारात सतीशची बायको भेटली. सतीश म्हणजे यांच्याबरोबर इंजिनवर असतो तो असिस्टंट. ती हसत म्हणाली, वहिनी, तुमच्या मेथीचं आमच्याकडं फार कौतुक होतं, मला शिकवा की. मी म्हटलं, सतीशभाऊंनी कुठं खाल्ली? ती म्हणाली, मामा रोज डबा त्यांनाच देतात, माझा उपास आहे म्हणतात.

ताई, मी भाजी न घेताच घरी आले.

घरी विचारलं तर माझ्यावर एवढे ओरडले की शेजारची माणसं दारात आली. डाळीत तूप घातलंस, माझी नोकरी घालवायची आहे का, म्हणाले. मग अंगणात जाऊन भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. हे माणूस असं नव्हतं हो. आता गात नाहीत, कुणाशी बोलत नाहीत, काट्यावरून उतरले की चेहरा बघून मला कळतं की आज घरात कसं वागायचं. आन् बाहेर सगळे म्हणतात, छान बारीक झाले.

तुम्ही या. त्यांना रागवा नाहीतर नुसत्या बसा, पण या.

तुमच्या आधाराची वाट पाहणारी,
जस्मिन

शिरूर
ता. ११ सप्टेंबर २०२४

चि. येशुदास यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

जस्मिनने मला सगळे कळवले आहे. त्याबद्दल तिला एक शब्द बोलायचा नाही. बोललास तर माझ्याशी गाठ आहे.

बाळा, तुझी पत्रे मी पुन्हा काढून वाचली. पहिल्या पत्रात तू माझी थट्टा केली होतीस. दुसऱ्यात फक्त काटा आहे. तुझी तब्येत सुधारते आहे असे मला दिसत नाही. तू कशाला तरी घाबरून पळतो आहेस असे दिसते. इतके कशाला घाबरला आहेस, ते मला सांग. इंजिनवरून उतरलास तर तू कोण राहणार नाहीस? माझा भाऊ तर राहशीलच.

शनिवारी येते. न्हावऱ्यावरून चौफुल्याची एसटी आहे, पुढे मिळेल त्या गाडीने. आणायला येऊ नकोस. घरी राहा आणि माझ्याबरोबर जेव.

ताई

दौंड
ता. २५ सप्टेंबर २०२४

प्रिय ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

तू येऊन गेलीस, चार दिवस राहिलीस, आन् मी काही बोललो न्हाई. तुझ्याशी मोठ्यानं बोलावं लागतं. ही गोष्ट मोठ्यानं बोलता येत न्हाई, म्हणून लिहितोय.

तू यायच्या आदल्या दिवशी मला दवाखान्यात नेलं एवढंच तुला सांगितलंय. चक्कर आली असं. चक्कर आली नव्हती ताई.

पुण्याकडून भरलेली मालगाडी घेऊन येत होतो. दुपार होती, स्वच्छ ऊन. सिग्नल दिसला की आम्ही दोघांनी त्याचा रंग मोठ्यानं बोलायचा असतो. सतीश बोलत होता, मी मागोमाग बोलत होतो. पाटसला आम्हाला बाजूच्या लाइनीला घेतलं, गाडी थांबली. सतीशनं सहज विचारलं, मामा, केडगावला किती गर्दी होती बघितली का? आन् मला केडगाव आठवेना. स्टेशन गेलं, सिग्नल गेले, मी तोंडानं रंग बोललो असणार, पण डोक्यात काहीच न्हाई. मला फक्त सकाळचा काट्यावरचा आकडा दिसत होता.

मी सतीशला म्हणालो, मी गाडी पुढं नेत न्हाई. तो घाबरला. म्हणाला, मामा, दौंड तर समोर आलंय, मी नीट बघतो, तुम्ही नुसते बसा. आता कळवलं तर कागदावर येईल आन् मेडिकलला तेच धरतील. खरं सांगतो, एक क्षण वाटलं, जाऊ दे, पोचू. निघायचा सिग्नल पडला. पुढं मोकळा रस्ता होता. मी वॉकीटॉकी उचलली आन् स्टेशन मास्तरांना सांगितलं, माझी तब्येत ठीक न्हाई, दुसरा ड्रायव्हर पाठवा.

खाली उतरलो. मास्तरांनी खुर्ची दिली, बिस्किटं दिली. लोक बघत होते आन् मी रडत बिस्किटं खात होतो.

दवाखान्यात म्हणाले, हृदयाला काही न्हाई. पोटात अन्न न्हाई, डोळ्याला झोप न्हाई, वर जिवाला घोर. आता पुण्याला मनाच्या डॉक्टरांकडं जातो, बाई आहेत. त्यांनी विचारलं, वजन उतरलं नाही तर काय होईल? मी म्हटलं, इंजिन जाईल. मग काय होईल? मी पुन्हा तेच म्हटलं, इंजिन जाईल. त्या म्हणाल्या, आपण तिथूनच सुरू करू. वजन हळूहळू उतरवायचं, वेळच्या वेळी जेवायचं, घरी वजन करायचं न्हाई. काटा जस्मिननं कुठं दिला ते मी विचारलेलं न्हाई. दोनदा शोधला मात्र.

अजून बसवत न्हाई. जेवलो की वाटतं चूक केली. पण जेवतो.

ताई, तू विचारलं होतंस, मी कोण राहणार न्हाई. अजून सांगता येत न्हाई. विचारत राहा.

तुझा,
येशुदास

दौंड
ता. १८ नोव्हेंबर २०२४

प्रिय ताईस,
सप्रेम सलाम वि. वि. आज मेडिकल झाली. निकाल असा, की

ती. दबोराताईंना,
सा. सलाम. वि. वि.

ताई, वरचं अक्षर त्यांचं, खालचं माझं. का ते सांगते.

सकाळी मेडिकलला गेले ते दुपारी आले. मी दारातच उभी होते. चेहऱ्यावरून काही कळेना. चप्पल काढून म्हणाले, वजन सांगितलं होतं त्याच्या निम्मंच उतरलं, पण बीपी बरं आहे, साखर बरी आहे. सध्या इंजिन नाही. सहा महिने लॉबीत काम, मनाच्या डॉक्टरांचा कागद आला की मग बघणार. मला वाटलं, आता भिंतीकडं जाऊन उभे राहणार.

तर म्हणाले, जेवायला काय आहे?

कित्येक महिन्यांत हे विचारलं नव्हतं हो ताई. मी ताट वाढलं. भाकरी, वांगं, कांदा. जेवताना एकदा डोळे भरून आले, म्हणाले, मला गाडीचा आवाज रोज ऐकू येणार आन् मी खाली असणार. मी म्हटलं, हो, वाईट वाटणारच. पाणी प्यायले आणि पुन्हा जेवले. मग तुम्हाला कळवायचं म्हणून कागद घेऊन बसले. मी भांडी ठेवून आले, तर टेबलावर डोकं टेकून झोपलेले. पेन हातातच.

पलीकडून एक लांबलचक मालगाडी गेली, खिडकीच्या काचा वाजल्या, तरी जागे झाले नाहीत. पेन मी हळूच काढून घेतलं. उठवत नाही.

तुमचीच,
जस्मिन