'सावकाश या' हे दोन शब्द

दि. ४ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

रुग्णालयातली नोकरी टिकून आहे. बाहेरच्या दालनात रुग्णांचे क्रमांक पुकारणारे यंत्र बसवले असून त्याला आवाज माझा आहे. माणसांसमोर माझी वाचा बसते, हे तू जाणतेस. बंद खोलीत यंत्रासमोर मात्र मी अस्खलित बोलले. क्रमांकानंतर 'सावकाश या' हे दोन शब्द मी पदरचे घातले. येणारे बहुतेक जण गुडघे धरूनच येतात.

आता साहेबांचे म्हणणे, त्या शब्दांमुळे रांग रेंगाळते, ते काढावेत. आधुनिक जीवनातील मानवतावादाच्या प्रयोजनावर निबंध लिहून मी कधीकाळी पहिली आले होते. सोमवारच्या बैठकीत या दोन शब्दांची बाजू मांडायची आहे, तीही माणसांसमोर.

तुझे गुडघे काय म्हणतात?

तुझ्या मायेची सवय झालेली,
वाळवी

दि. १२ फेब्रुवारी

चि. वाळवीस अ. उ. आ.

पुस्तके कुरतडणाऱ्या पोरीला बोलते केले, म्हणून त्या यंत्राचे आभार मान. गुडघे कुरकुरतात, म्हणून मंगळवारी तुमच्याकडेच आले होते. यंत्राने नुसताच क्रमांक पुकारला, तेव्हा समजले, बैठकीत तू मिठाची गुळणी धरून बसलीस.

शेजारच्या काठीवाल्या आजोबांचा क्रमांक आला. ते उठले आणि उभेच राहिले. वाट कसली पाहता, असे विचारले, तर म्हणाले, पोरगी अजून 'सावकाश या' म्हणाली नाही. त्यांना ताटकळत किती ठेवायचे? मीच म्हणाले. ते निघाले. पुढच्या बाईंच्या वेळी माझ्याबरोबर समोरचा शिंपीही म्हणाला. माझा क्रमांक येईपर्यंत सगळा बाक म्हणू लागला होता.

तुझा निबंध मला दुसऱ्या पानापुढे झेपला नव्हता. हे झेपले.

जेवत जा. आशीर्वाद आहेतच, मागायला नकोत.

आत्या

दि. २० फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तू ओळखलेस ते खरे. सोमवारी तोंडातून शब्द फुटला नाही.

बाकावरचे लोक अजूनही म्हणतात. रोजचे रुग्ण वेगळे, तरीही. शब्द अजून यंत्रातूनच निघत असावेत, असे साहेबांना वाटले. दुरुस्तीवाल्याने यंत्र उघडून तपासले आणि यंत्र निर्दोष असून बिघाड माणसांत आहे, असे लेखी कळवले.

आज पुन्हा बैठक झाली. माणसांतला बिघाड कसा काढावा, असे साहेबांनी मलाच विचारले. मी उभी राहिले. तो निघणार नाही आणि काढूही नये, असे म्हणाले. टेबलाची कड धरून ठेवली होती. आवाज मात्र यंत्रातलाच निघाला. साहेबांनी विषय पुढे ढकलला.

मी खाली बसू लागले, तेव्हा शेजारच्या हिशेबनीसबाई खुर्ची सरकवत हळूच म्हणाल्या, सावकाश.

आहे ती माया तशीच राहू दे.

तुझी,
वाळवी