बिनबटणाची लाइन

७ डिसेंबर २००४, शिरूर
चार महिने वहीकडे फिरकलो नाही, चूक माझीच. लिहायला बसलं की मंगलशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं, आणि तेच तेच उगाळून मलाच वीट आला होता. आज दाजींचा दौंडहून फोन. मंगल गेल्यापासून तीन वर्षांत पहिलाच. त्यांच्या भावाने दुबईहून धुराचे आणि विषारी वायूचे अलार्म पाठवलेत, लाइनवर चालणारे. "चांगल्या वायरमनकडनं बसवून घे म्हणतोय. तुमच्याबिगर कोण हाय आपल्याला?"
येतो म्हणालो. का, ते कळत नाही. कळतं, पण लिहवत नाही.

८ डिसें.
लिहितोच. न्हाणीत गॅस गिझर. खिडकी दाजींनी प्लाय ठोकून बंद केलेली, विषारी वायूला बाहेर वाटच नाही. आंघोळीला गेलेली माझी बहीण बाहेर आली नाही. पंचनाम्यात दाजींनी सांगितलं, तिला फिट यायची, माहेरच्यांनी लपवून लग्न लावलं. मंगलला जन्मात एकदाही फिट आली नव्हती. आई ते ऐकून खचली ती खचलीच. त्या माणसाच्या तोंडून मला एवढंच हवंय, मी खोटं बोललो. ते नाही मिळालं तर...

१२ डिसें., दौंड
दार दाजींच्या दुसऱ्या बायकोने उघडलं. रेखा. पंचविशीची असेल. गळ्यात मंगलच्या नावाचा चांदीचा टाक, वारलेल्या पहिलीचा दुसरीने घालायचा तो. "दादा, चहा टाकू?" दादा म्हणाली. चप्पल काढायला उगाच वेळ लावला.
न्हाणीच्या खिडकीवर तेच प्लाय! गिझर तेवढा नवा.
"शेजारच्यांची गच्ची हाय ना समोर," दाजी म्हणाले. "तुम्ही आलार्म फिट करा की."
फिट. हा शब्द त्यांच्या जिभेला अजून टोचत नाही.

१३ डिसें.
तीन अलार्म. हॉल, जिना, न्हाणीबाहेरचा बोळ. एक वायर तिघांना जोडणारी, म्हणजे एक वाजला की सगळे वाजणार. आत बॅटरी नाही, लाइन तुटली की मुके. म्हणून मधे बटण न देता थेट मेन बोर्डातून लाइन घेतली.
मग सगळ्यांना बोळात बोलावलं. न्हाणी रिकामी, गरम पाण्याचा नळ सोडलेला, दार किलकिलं. तपासणी आहे म्हणालो. तपासणी नव्हती ती. बाराव्या मिनिटाला तिन्ही किंचाळले. गिझर बंद केला, घराची दारं-खिडक्या उघडल्या.
दाजींचे वडील आप्पा कानांवर हात धरून उभे. मग हळूच, "म्हंजी मंगलला बी..."
"आप्पा, गप ऱ्हावा," दाजी म्हणाले.
मग माझ्याकडे न बघता, "ह्याला बटन द्या. बिनबटनाची लाइन असती व्हय कुठं? उगं वरडत बसंल."
"बटण दिलं तर कुणीही बंद करेल."
"त्यासाठीच तर मागतोय."
दिलं. वाद घातला नाही. स्क्रू पिळताना हात अगदी स्थिर. मनात एकच: घे, तुझ्याच बोटाने बंद कर आणि जा त्या न्हाणीत. गिऱ्हाइकाने मागितलं, मी दिलं. मला कोण काय बोलणार?

१४ डिसें., शिरूर
रात्री झोप छान लागली. बऱ्याच महिन्यांनी. याचीच लाज वाटते. फार नाही.

१५ डिसें.
सकाळी दुकानात रेखाचा फोन. "दादा, त्यो आलार्म वाजला. ह्यांची आंघोळ झाल्या झाल्या. ह्यांनी बटन दाबलं, आता गप हाय. मी जाऊ ना आंघोळीला?"
मी लगेच बोललो नाही. किती वेळ, ते इथेसुद्धा लिहिणार नाही.
मग ओरडलोच. "गिझरला हात लावू नको. शेगडीवर पाणी तापव. आणि ते प्लाय काढ आधी."
"ह्ये चिडतील."
"चिडू दे. तू काढ."
बटण मी दाजींसाठी बसवलं. या पोरीचा विचार केलाच नव्हता. की केला होता आणि तरी बसवलं? माझ्यासारख्या बी.एस्सी. झालेल्या माणसाला वायू माणसं ओळखत नाही एवढं कळू नये?
दाजींना माफी नाही. पंचनाम्यात ते खोटं तसंच आहे, आणि आप्पांनी अर्धं सोडलेलं वाक्य कुणीतरी पुरं करायला हवं. पण दाजी आता घरात घेतील का, कोण जाणे.
उद्या: पहिल्या एस.टी.ने दौंड, बटण काढून लाइन थेट जोडणे.