रंग आपला आहे

१८ नोव्हेंबर, मंगळवार
काढलं मला! अकरा वर्षं वरूडच्या या स्टुडिओत लग्नाचे अल्बम बनवले, आणि मालक चहाचा कप खाली न ठेवता म्हणतात, "रागिणीताई, एक तारखेपासून तुमच्या जागी आचल बसन. जायच्या आधी जुन्या कॉम्प्युटरातलं सगळं नव्या डिस्कवर टाकून द्याजा."

तेही गिळलं असतं. पण तेवढ्यात शेंदूरजनाघाटचं एक गिऱ्हाईक अल्बम चाळत म्हणालं, "नितेशभाऊ, पोरगी कशी जिवंत दिसून राहिली!" तर मालक म्हणतात, "रंग आपला आहे!"

आपला? लॉनवरच्या निळ्या दिव्यांत नवरीचं तोंड जांभळं येतं, हळदीच्या मांडवात कावीळ झाल्यासारखं. ते माणसाचं दिसावं म्हणून एकेक सेटिंग मी डोळे फोडून बसवलं. आयत्या पिठावर रेघोट्या! थांब म्हणावं.

२० नोव्हेंबर
टाकलं सगळं नव्या डिस्कवर — सॉफ्टवेअर, फोटो, अल्बमची पानं. माझ्या रंगांच्या सेटिंगचं फोल्डर तेवढं नाही. सॉफ्टवेअरबरोबर तेही आपोआप जातं, असं भाऊंना वाटतं. वाटू दे! ते मी पेनड्राइव्हवर घेतलं आणि जुनी डिस्क त्यांच्या डोळ्यांदेखत कोरी केली. "भंगारात द्यायची आहे, पुसून टाका," असं तेच म्हणाले होते.

२८ नोव्हेंबर
आचलला काम दाखवलं. सगळं वहीत लिहून घेते. "ताई, तुमच्यासारखा रंग मले जमन का?"

जमेल म्हटलं. हसू दाबलं.

१६ डिसेंबर
स्टुडिओशेजारच्या झेरॉक्सवाल्या नगमाचा फोन — "दोन अल्बम वापस आले ना रागिणीबाजी! नवरीचं तोंड पूरं नीलं! लय भांडून गेले लोक."

शिरा केला. घरच्यांनी विचारलं, आज काय? म्हटलं, उगाच.

१९ डिसेंबर
भाऊंचा फोन. तीनदा वाजू दिला. नाही उचलला! आण म्हणावं आता तुझा रंग.

२० डिसेंबर
आज उचलला. आवाज लोण्यासारखा. "चुकलंच आमचं, ताई. त्या पोरीले काढून टाकलं. तुमी सोमवारपासून या."

संध्याकाळी आचल दारात. स्टुडिओत विसरलेला माझा डबा घासून आणला होता. म्हणाली, "तुमी सांगतलं तसंच केलं, ताई. माहाच हात खराब असन."

मी तिला चहासुद्धा विचारला नाही.