गोणपाटावर पडलं ते खरं

अण्णा, तुमची पाभर मी वापरली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण नाहीतर बाकीचं ऐकताना तुमचा जीव याच एका गोष्टीत अडकून राहील आणि मध्येच तुम्ही म्हणाल, "बाईसाहेब, मुद्द्यावर या." हडपसरच्या तुमच्या पेरणीच्या अवजारांच्या कारखान्याच्या जागी आता व्यायामशाळा आहे. जिथे तुम्ही पाभरीच्या नळ्या वाकवायचात तिथे पोरं पैसे भरून लोखंड उचलतात. रोज बसमधून जाताना मी तिकडे बघते आणि रोज मला तुमचा चेहरा दिसतो, काहीतरी खवचट बोलायच्या बेतात असलेला.

झालं असं, की घाट चढून वर गेल्यावर जो माळ लागतो, तिथले चिंकारे उन्हाळ्यात खाली भाजीच्या वावरांत उतरायला लागले. माळावर त्यांना खायला काही उरलेलं नाही. अर्धा माळ प्लॉटिंगमध्ये गेला आणि उरलेला मेंढ्या आणि वणव्यांनी उघडा केला. दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत कुत्र्यांनी पिटाळलेली एक मादी रस्त्यावर आली आणि माझ्या डोळ्यांदेखत टेम्पोखाली गेली. तिच्या पोटात पिल्लू होतं. त्यानंतर मला स्वस्थ बसवेना. आम्ही काही जण रविवारी त्या भागात पक्षी बघायला जायचो. आम्ही ठरवलं, की माळाचा एक तुकडा मागून घ्यायचा आणि तिथे चिंकाऱ्यांसाठी गवत पेरायचं, मारवेल आणि पवना, तिथलंच जुनं गवत. पुढचे दोन हिवाळे हिंडून आम्ही हाताने बी गोळा केलं. तेवढंच बी होतं. ते वाया गेलं असतं तर बाजारात दुसरं मिळणार नव्हतं.

जमीन दिली आबांनी. आठवतात ना आबा? तुमचं जुनं गिऱ्हाईक, तुमच्याकडून चाकाची पाभर नेलेली, आणि पैसे देताना तुमच्याशी तासभर भांडलेले. अजून ताठ आहेत. त्यांची मुलं माळ प्लॉटवाल्याला द्यायला टपलेली आहेत आणि त्यांचंही काही चुकतं असं मला म्हणता येत नाही. आबांनी मला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, "तुझ्या बापाच्या नावावर एक पावसाळा देतो. माळावर हिरवं दिसलं तर तेवढा तुकडा तुमच्या हरणांचा. न्हाय दिसलं तर पोरं म्हणत्यात तसं. आन् पेरायचं आपल्या पाभरीनं. तिच्या हातचं कधी वाया गेलं न्हाय." मी मान हलवली. त्या वेळी मान हलवण्यात मला काहीच अडचण दिसली नाही.

अडचण दाखवली ती आमच्या गटातल्या एका मुलीने. ती गवताळ माळरानांवर संशोधन करते आणि मला मावशी म्हणते. "मावशी, पाभर नको. हे बी इतकं हलकं आणि केसाळ आहे, की ते नळीतून खाली येणारच नाही. आणि आलं तरी पाभरीचा फण त्याला खोल गाडून टाकेल. याला वरच्या वर पसरायचं, मातीने जेमतेम झाकायचं, बस." मग काय वापरायचं, तर गळ्यात अडकवायची पिशवी, खाली फिरणारी चकती, बाजूला दांडा. चालत राहायचं, दांडा फिरवत राहायचा, बी चहूकडे उडतं. ते यंत्र आणायला मी स्वारगेटजवळच्या दुकानात गेले. दुकानदाराने पेपरातून डोकं न काढता विचारलं, "लॉनसाठी का?" म्हटलं, नाही, चिंकाऱ्यांसाठी. "असं होय. कुठल्या सोसायटीत राहतात ते?" आपल्या गावात माणसाला नमस्कारसुद्धा टोमण्यात गुंडाळून मिळतो. यंत्र घेतलं आणि घरी आणून पलंगाखाली सरकवलं, कारण ते बघितलं की मला तुमचा आवाज ऐकू यायचा.

मी सात-आठ वर्षांची असेन. शाळेला सुट्टी आहे, आई मला तुमचा डबा देऊन कारखान्यात पाठवते. तुम्ही आत काहीतरी शोधताय. मी पोत्यातून मूठभर ज्वारी घेते आणि अंगणात भिरकावते. दाणे उडताना छान दिसतात म्हणून आणखी एक मूठ घेते. तुम्ही बाहेर येता. आरडाओरडा नाही, हात उगारणं नाही. म्हणता, "लग्न कुणाचं आहे? अक्षता कसल्या टाकताय? पेरायचं असेल तर ओळीत पेरा, नाहीतर पोत्याला हात लावू नका." कामगार हसतात आणि मी एकेक दाणा वेचून परत पोत्यात टाकते. अण्णा, इतक्या वर्षांनी तीच मी गळ्यात पिशवी अडकवून अक्षताच टाकणार होते, आणि तेही तुमच्या गिऱ्हाइकासमोर, तुमची पाभर बाजूला सारून. मला भीती वाटत होती. आबा चिडले तर माळ जाणार, आणि त्यांचं ऐकलं तर बी जाणार. जूनमध्ये ढग जमायला लागले, सगळे रोज विचारत होते आणि मी रोज उद्या सांगते म्हणत होते. शेवटी जमीन माझ्या शब्दावर मिळाली होती, त्यामुळे निर्णय माझ्याच गळ्यात पडला.

पेरणीच्या सकाळी आम्ही माळावर पोचलो तर आबा बैल जुंपून उभे. पाभर धुऊन पुसलेली, पेटीला हळदकुंकू लावलेलं, त्यांची मुलं लांब उभी राहून मोबाइलवर बोलत होती. मी गळ्यात ती पिशवी घेऊन उतरले आणि आबांचा चेहरा उतरला. "हे काय? पाभर हाय ना?" मी केसाळ बियांचं सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं नाही. "तुझा बाप असता तर हे खेळणं त्यानं घाटाखाली फेकून दिलं असतं." हे खरं होतं. संशोधनवाली मुलगी माझ्याकडे बघत होती, मुलं मोबाइल खाली करून बघत होती. आणि त्याच वेळी मला गाडीच्या डिकीत पसरलेलं गोणपाट दिसलं.

तुम्ही कुठलीही पाभर अंदाजाने विकली नाहीत. चार विटांवर ती उचलून ठेवायची, खाली गोणपाट अंथरायचं, गिऱ्हाइकाचंच बी पेटीत घालायचं आणि चाक हाताने फिरवायचं. कुठल्या नळीतून किती पडतं ते गोणपाटावर दिसायचं. एकदा रंग देऊन तयार असलेली पाभर तुम्ही गिऱ्हाइकाच्या गाडीतून परत उतरवून घेतलीत, कारण एका नळीतून बी कमी पडलं. त्याला चालणार होतं, तुम्हाला नाही. "माझ्यावर विश्वास ठेवू नका, गोणपाटावर पडलं ते खरं," असं म्हणाला होतात.

मी आबांना म्हटलं, "आबा, अण्णा करायचे तसं करू. मग तुम्ही सांगाल ते." त्यांना नाही म्हणता येईना, कारण त्यांची पाभर अशीच तपासून मिळाली होती. बैल सोडले, दगडांवर पाभर टेकवली, गोणपाट पसरलं. मी आमच्या मोलाच्या बियांतली एक ओंजळ पेटीत घातली. चाक आबांनी स्वतः फिरवलं. काही पडलं नाही. पुन्हा फिरवलं, तरी नाही. पेटीवर थाप मारली तेव्हा मधल्या नळीतून केसांचा गुंता निघावा तसा एक बोळा पडला आणि गोणपाटावर तसाच राहिला. आबांनी वाकून तो बोटांनी मोकळा करून बघितला. मग त्यांनी तो बोळा उचलून माझ्या पिशवीत टाकला. "फिरव तुझं खेळणं," म्हणाले आणि बैल घेऊन निघून गेले. गुंता होऊ नये म्हणून मी बारीक मातीत बी कालवलं आणि चालायला लागले. माझ्या मागून बाकीचे, बी जेमतेम झाकलं जावं म्हणून, बाभळीची फांदी ओढत येत होते.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. पाऊस झाला, शेजारचे माळ हिरवे झाले आणि आमच्या तुकड्यात नुसता मुरूम. आबा फोन उचलत नव्हते. ऑफिसात मी कुणाच्याही अंगावर ओरडत होते. गेल्या रविवारी आबांचाच फोन आला, "ये," एवढंच बोलून ठेवला. घाट चढताना मी मनातल्या मनात माफीचं भाषण तयार केलं.

ते उंचवट्यावर उभे होते. त्यांच्या पायाशी चिंकाऱ्याच्या लेंड्या पडल्या होत्या, ताज्या. खाली गवत आलं होतं, आणि मी बघितलं तर ते पट्ट्यापट्ट्यांनी आलं होतं, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत सरळ. मधली जागा उघडी राहिली होती. संशोधनवाली मुलगी वैतागली. "मावशी, माळावर असं उगवतं का? पुढच्या वर्षी वाकडंतिकडं चाला." आबा मात्र हसत होते. "पाभर न्हाय, बैल न्हाय, तरी ओळीतच. बापाचीच पोर हाय." पुढचं वर्ष आहे म्हणजे. मुलांना त्यांनी तसं सांगितलंय. मी तिथेच खाली बसून रडले, त्याची मला लाज वाटत नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच तुम्हाला एक सांगून ठेवते. मी सगळ्यांना म्हटलं, चालता चालता आपोआप तसं झालं असेल. तसं नव्हतं. पेरणीच्या आदल्या दिवशी एकटीने माळावर जाऊन मी दोन्ही कुंपणांलगत समोरासमोर खुंट्या ठोकून ठेवल्या होत्या, आणि दांडा फिरवताना माझे डोळे पूर्ण वेळ समोरच्या खुंटीवर होते.