पेडलवरच्या पायाची सुट्टी

अहो,

मी हे घर सोडून चालले आहे. कशेळ्याला, आईकडे. संध्याकाळच्या जीपने परत येते.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना होत आला. तिला भेटायला आपल्याच गाडीने जायचं म्हणून तुम्ही क्लचमधली हवा काढायला घेतलीत, आणि तीन रविवार मी क्लचच्या पेडलवर पाय ठेवून ड्रायव्हरच्या सीटवर अडकून आहे. तुम्ही गाडीखालून ओरडता, "दाब! धर! सोडू नकोस गं!" मी धरून ठेवते. मग तुम्ही पाना शोधायला जाता. मागच्या रविवारी आईने फोनवर विचारलं, "कुठवर आलीस गं?" मी म्हटलं, "गाडीत बसलेय." खोटं नव्हतं.

आज पेडल दाबायला शेजारचे गोमाकाका येतील. त्यांचा गुडघा दुखतो, त्यांना फार वेळ धरायला लावू नका. भात कुकरमध्ये आहे.

आणि हो, बॉनेटखालची क्लचच्या ऑइलची छोटी टाकी रिकामी आहे. हवा तिथूनच परत आत जाते. पहिल्याच रविवारी सांगत होते, तर तुम्ही म्हणालात, "तू फक्त दाब."

पौर्णिमा