दार चार बोटं उघडं

भुसावळ
पौष महिना

प्रिय ग्यानबा,

हे पत्र बसून वाचू नकोस. दुकानात गिऱ्हाईक उभं असलं तरी तसंच सोड आणि आधी माझ्या घरी जा. बाळंतिणीच्या खोलीचं दार उघड. माळवदावर चढून धूर जायच्या सान्यावरचं झाकण काढ. बाजेखालची शेगडी उचलून अंगणात आणून ठेव. माय शिव्या देईल, त्या खाऊन घे. हे सगळं झालं की मग ओट्यावर बसून पुढचं वाच.

तू गेला नसशील. मी ओळखतो तुला. मास्तर पळ म्हणाले तरी तू आधी काहून ते विचारायचास, अन् तोवर बाकीची पोरं वेशीपर्यंत पोचलेली असायची. म्हणून काहून ते सांगतो, पण तू पायात वहाणा घाल आणि चालता चालता वाच. माझं अक्षर तसंही चालताना वाचल्यासारखंच दिसतं.

दिवाळीच्या सुमाराला मी तांड्यावरच्या भावसिंगच्या हाती एक पोतं पाठवलं होतं, ते तुझ्या दुकानातच उतरलं होतं. त्यात जळका कोळसा होता. इंजिनाची राख झाडली की तिच्यात अर्धवट जळलेले खडे राहतात, ते आम्ही कोळसा भरणारे लोक वेचून आणतो. भावसिंग सांगत होता, करोडगिरीच्या जकात नाक्यावर शिपायानं पोत्यात हात घातला अन् म्हणाला, "क्या बाबा, घर जल गया क्या?" आणि मायनं तर दहा घरी सांगितलं म्हणे, "लोकाचे पोरं लुगडं धाडून राहिले, माझ्या पोरानं राख धाडली." पण त्या राखेला एक मोठा गुण आहे. ती लाल होऊन रात्रभर धगधगते आणि धूर म्हणून करत नाही.

त्याच गुणासाठी पाठवली मी. मागच्या हिवाळ्यात आमचं पहिलं लेकरू गेलं, तूच माझ्याबरोबर माळाला आला होतास. माय म्हणाली, गारठ्यानं गेलं, वारं लागलं. तेव्हा बाजेखाली गोवऱ्याच होत्या. गोवरीला धूर, म्हणून सानं उघडं ठेवावं लागायचं, अन् सान्यातून सगळी ऊब वर निघून जायची. टोपलंभर गोवऱ्या जळायच्या तरी पहाटे भिंती गारच. अजून जाळावं तर उन्हाळ्यापर्यंत चुलीला काय घालायचं? माय रोज सांजच्याला तोच हिशोब करायची, एक गोवरी ठेवायची, एक काढायची. या खेपेला मी ठरवलं होतं की तिला तो हिशोब करू द्यायचा नाही. भावसिंगकडून मी निरोप पाठ करवून घेतला होता, याला धूर नाही, सानं लावून घ्या, दाराच्या फटीत चिंध्या कोंबा, एक घमेलं सकाळपर्यंत पुरतं. तो माणूस खरा. एक शब्द न सांडता त्यानं मायला सांगितलं असेल.

आता इथलं ऐक. आम्ही खोलीत पाचजण राहत होतो. कळमनुरीकडचे दगडोबाकाका सगळ्यांत मोठे, आणि भावसिंगचा धाकटा भाऊ सेवा सगळ्यांत लहान. खोलीच्या मधोमध फुटक्या घमेल्याची शेगडी. रोज एकच भांडण, दार किती उघडं ठेवायचं. काकांचं म्हणणं, चार बोटं. ते खरंच चौकटीत हात घालून मोजायचे. सेवाला थंडी लई वाजायची. तो म्हणायचा, "काका, दार उघडं ठेवून जाळायचं तर सरळ यार्डात जाऊन इंजिनाला मिठी मारून झोपू की!" काका म्हणायचे, "मार, लगीन तरी लागंल तुझं कुणासंगं." आम्ही हसायचो. मी सेवाच्या बाजूनं होतो. चार बोटं उघडं म्हणजे दोन घमेली जळणार, दोन घमेली म्हणजे पाळी संपल्यावर अजून तासभर राखेत वाकायचं. दार लावलं की अर्ध्यात भागायचं. मग कधी चार बोटं, कधी दोन, असं करता करता एक दिवस लई गारठा पडला. काका रात्रपाळीला होते. आम्ही दार पुरतं लावलं आणि खाली पोतं कोंबलं.

त्याआधी आठवडाभर सकाळी उठलं की आमचं सगळ्यांचं डोकं जड असायचं. सेवा तर कामावर जायला उठेचना. "झोप सरूनच न्हाई राहिली," म्हणायचा. आम्ही त्याची थट्टा केली, कुठं ढोसून आला म्हणून.

सकाळी काकांनी दार लाथेनं उघडलं. सेवा कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून होता. गाल लाल होते, ग्यानबा, ऊन खाऊन झोपलेल्या लेकरासारखे. काका त्याला हाका मारून राहिले होते आणि मला त्या हाका विहिरीच्या तळातून ऐकल्यासारख्या येत होत्या. माझी वळकटी उंबऱ्याजवळ. उंबऱ्याखाली उंदरानं उकरलेलं एक बीळ होतं, माझं तोंड त्याच्यापाशी होतं. एवढ्याच कारणानं मी हे लिहून राहिलो आहे. बाकीचे दोघं हिंडू फिरू लागले. माझ्या पायांत अजून जोर नाही, भिंत धरली तरी पडतो, नाहीतर कागद लिहीत बसलो असतो का? पहिल्या गाडीत बसलो असतो.

दवाखान्यातल्या डॉक्टरानं सांगितलं ते तुला त्याच्याच शब्दांत सांगतो. धूर दिसत नाही म्हणून विष नाही असं समजू नका. कोंडलेल्या खोलीत कोळसा हवा नासवतो. त्याला वास नाही, रंग नाही, ठसका लागत नाही. आधी डोकं दुखतं, मग नुसती झोप येते आणि माणसाला वाटतं, बरी ऊब लागून राहिली. गोवरीचा धूर डोळ्यांत जायचा म्हणून आपण सानं उघडायचो, ग्यानबा. तो धूरच आपल्याला राखत होता.

तार करावी म्हटलं. पण हिंगोलीहून नरसीला ती घेऊन कोण येणार आणि कधी? अन् तारवाला दिसला की माय वाचून घ्यायच्या आधी ऊर बडवणार. भावसिंग भावाचं सामान न्यायला इथं आला आहे आणि आजच्या गाडीनं परत निघाला आहे. त्यानं सेवाची घोंगडी घडी करून काखेत धरली आहे, ती खाली ठेवतच नाही. तूच घरी जाऊन दार उघड, म्हणून मी त्याच्या पाया पडलो. तो म्हणाला, "मला सुतक हाय नामाजी. ओल्या बाळंतिणीच्या दाराला मी कसा शिवू? तुझी माय मला पाय तरी ठेवू देईल का अंगणात?" त्याचं खरं आहे. म्हणून तुझ्या दुकानाच्या पायरीवर तो हे पत्र ठेवील आणि तांड्याकडं जाईल.

बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष शिरत नाही, हे मला कळतं. तरी तू शीर. मायला सांग, नामाजीनं आण घातली आहे, सेवा मेला तो याच राखेनं मेला. थंडीचं भ्या तिलाच नाही, मलाही आहे. रोज डोळे मिटले की मला माळावरचं ते एवढंसं गाठोडं दिसतं. म्हणून शेगडी काढून तसंच गार सोडू नका. गोवऱ्या जाळा, थोड्या जाळा, सानं उघडं, दार चार बोटं उघडं. डोळ्यांतून पाणी आलं तर येऊ द्या. वीट तापवून फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवा. माझी घोंगडी खुंटीवर आहे. लेकराला त्याच्या मायच्या पोटाशी बांधा, माणसाच्या अंगाएवढी ऊब कुठल्या कोळशाला नाही. ते पोतं ओढ्यात नेऊन ओता.

तरीही तू म्हणशील, एवढा काहून भ्याला? घरात तर अजून काही झालं नाही, असंही म्हणशील. ऐक. सेवाची खबर तांड्यावर पोचायच्या आदल्या दिवशी भावसिंगला माझी माय बाजारात भेटली होती. तिनं मला आनंदाचा निरोप दिला, तो त्यानं काल माझ्या खाटेशी बसून शब्द न सांडता सांगितला. "पोरगं झालं म्हणावं. तुझा कोळसा लई गुणाचा निघाला, खोली कशी उबदार राहती. सुनेचं डोकं तेवढं दुखतं, अन् दिवसभर झोपून राहती, पर बाळंतीणच ती. आन लेकरू तर इतकं शाणं हाय बाबा, दोन दिस झाले, रडत म्हणून न्हाई." दवाखान्यातले सगळे मला गूळ मागू लागले. मी हसलो, आणि भावसिंगला तो निरोप पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावला. ग्यानबा, ती बाजेवर उठली नाही तर तिला नावानं हाक मार. मी आजवर चारचौघांत तिचं नाव घेतलं नाही, इथं लिहितो, शकू. शकू म्हणून मोठ्यानं हाक मार, आणि लेकराला उघड्यावर आण, गार वाऱ्यात आण, पायाला चिमटा काढ. मग मला दुसरं काही कळवू नकोस. पोरगं कुणावर गेलं, नाव काय ठेवायचं, काही नको. ते रडलं, एवढंच लिही.

तुझाच,
नामाजी