पटावर नसलेला घोडा

उमरी, जि. नांदेड
४ मे १९८५

प्रिय गुरुपादप्पा,

कार्डावर मावेना म्हणून आज पाकीट घेतलं. होळीपासून तुझी चाल नाही. पोस्टमन नरसिंग आता मला लांबूनच बघतो आणि मी विचारायच्या आधी मान हलवतो. पट अजून खिडकीत मांडून ठेवलाय. धुरपता रोज झाडलोट करताना त्याच्याभोवतीनं फडकं फिरवते, एका प्याद्याला धक्का लावत नाही, पण तोंड गप्प ठेवत नाही. "माझ्या लातूरच्या सवतीचा काही निरोप?" म्हणते. पहिल्यांदा मी हसायचो. आता हसू येत नाही, कारण हा प्रश्न मी स्वतःला तिच्याआधीच विचारून झालेलो असतो. रागावला असशील तर रागाव, पण लिहून रागाव. इतक्या वर्षांत तुझं माझं भांडण झालं नाही असा महिना गेला नसेल, पण तुझं गप्प बसणं मला सवयीचं नाही.

परवा भोकरला गेलो होतो. आपल्या पाझर तलावात यंदा तळाला का होईना, पाणी आहे. पाळीवर बाभळी माजल्यात. आपला तंबू कुठं होता ते शोधत बसलो, पण जागा काही सापडली नाही. कोंडाबाई भेटली. म्हातारी झाली, पण तोंड तसंच. मला बघून म्हणाली, "सायब, एकलेच? जोडीदार कुठं हाय?" बाहत्तरच्या दुष्काळात ही बाई डोक्यावर मातीचं टोपलं घेऊन आपल्यासमोरून जायची आणि दर खेपेला ऐकवायची, "लोकं माती उपसून राहिले अन् हे दोघं चिंचोके सारून राहिले!" आपण तेव्हा नुकतेच खात्यात लागलेले दोन मस्टर कारकून. दुपारच्या सुट्टीत मजुरांना खायला वाटायच्या सुकडीच्या रिकाम्या पोत्यावर कोळशानं पट आखायचा, चिंचोके प्यादी, बाकी दगड. राजा म्हणून तू तुझी चुन्याची डबी ठेवायचास आणि तंबाखू मळायची तल्लफ आली की डाव मध्येच थांबायचा.

तुला आठवतं का, आपल्याला त्या मोठ्या खेळाचा पत्ता मिरचीनं दिला. धर्माबादहून मिरची यायची ती हैदराबादच्या इंग्रजी पेपरात बांधून. एक दिवस पुडी सोडली तर आत बुद्धिबळाचा डाव छापलेला. आइसलँडमधला फिशर आणि स्पास्कीचा सामना. तो संपून कितीतरी महिने झाले होते, निकाल साऱ्या जगाला ठाऊक होता, पण आपण ठरवलं की कुणाला विचारायचं नाही. जसजशी मिरची संपेल तसतसा सामना आपल्यापुरता पुढं जाईल. शिंका देत देत आपण दोघांनी तो सामना खेळला. माझ्या आईनं तेवढ्यासाठी भाजीत मिरची वाढवली, हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं.

आणि पहिल्याच चालीला आपण अडलो. गावाकडच्या खेळात प्यादं एकच घर चालतं, आणि पेपरात तर पहिल्याच उडीला दोन घरं! मी म्हणालो छापखान्याची चूक. तू म्हणालास, एवढ्या मोठ्या पेपरवाल्याला आपल्याएवढीही अक्कल नाही का? मग पुढं एका चालीच्या जागी नुसती दोन शून्यं छापलेली. आपल्या दोघांचं एकमत झालं की त्या चालीला काळ्यानं काहीच केलं नसावं, बहुतेक चहाला उठला असेल. तसं धरून आपण खेळत गेलो आणि डावाचा पार चिवडा झाला. नाही त्या घरात हत्ती, आपल्याच मोहऱ्यावर आपलाच उंट. मी कागद चुलीत घालायला निघालो होतो, पण तू तो खिशात घातलास. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मस्टरवर हजेरी घेता घेता तू एकदम ओरडलास, "केरबा, राजा हाललाय रे!" बाया घाबरल्या, त्यांना वाटलं पाळ ढासळली. तुझं म्हणणं असं की पुढं काळा राजा एका पावलात थेट कोपऱ्यातल्या घरात जातो, आणि मध्ये तर त्याची एकही चाल नाही. म्हणजे तो आधीच कोपऱ्याशेजारी जाऊन बसलेला असला पाहिजे. म्हणजे ती शून्यं हीच राजाची चाल. आपल्याकडे राजा शह बसायच्या आधी एकदाच घोड्याची उडी मारून आडोशाला जातो, तसा तिकडचा राजा हत्तीला मध्ये घालून आडोशाला जातो. त्या दिवशी तुझं तोंड असं उजळलं होतं की तलावाला पाणी लागलं असतं तरी तुला तेवढा आनंद झाला नसता. तोच त्या सामन्यातला सहावा डाव. तो हरल्यावर स्पास्की स्वतः प्रेक्षकांबरोबर फिशरसाठी टाळ्या वाजवायला लागला, असं तू कागदाच्या फाटक्या कडेवरून वाचून दाखवलंस. मी तुला म्हणालो, मी हरलो तर तुझ्यासाठी टाळ्याबिळ्या वाजवणार नाही. तू म्हणालास, "तू हरल्यावर आधी पट उधळतोस, टाळ्या कशाच्या!"

मग तुला ते वेडच लागलं. हैदराबादच्या जुन्या बाजारातून तू ते बिनपुठ्ठ्याचं पुस्तक आणलंस आणि शब्दकोश मांडीवर घेऊन मला रोज एक गोष्ट सांगायला लागलास. लंडनला अठराशे एक्कावन्नमध्ये देशोदेशींच्या खेळाडूंची पहिली स्पर्धा भरली आणि ती एका गणिताच्या मास्तरानं जिंकली, हे ऐकून आपल्या कामावरचे ग्यानोबा मास्तर आठवडाभर छाती काढून चालले होते. त्याच अँडरसन मास्तरानं तेव्हाच्या एका साध्या डावात दोन्ही हत्ती, उंट आणि वजीर देऊन मात केली, तो डाव तर तू मला इतक्या वेळा मांडून दाखवलास की मी झोपेतही मांडीन. आणि हेस्टिंग्जचा अठराशे पंचाण्णवचा डाव. म्हाताऱ्या स्टाइनिट्झचा हत्ती शत्रूच्या घरात जाऊन उभा राहिला, समोर राजा, वजीर, पण त्याला मारायची कुणाची छाती नाही. समोरच्या बार्डेलेबेनला मात दिसली. तो हरलो म्हणाला नाही, हात मिळवला नाही, मुकाट उठून दिवाणखान्याबाहेर गेला आणि घड्याळातली वेळ संपू दिली. राहिलेल्या चाली स्टाइनिट्झनं जमलेल्या लोकांना करून दाखवल्या. त्या बार्डेलेबेनला तू काय शिव्या दिल्या होत्यास! "हरला तर हरला, माणसानं समोर बसून हरावं," म्हणाला होतास. अप्पा, आज तेच वाक्य मी तुला परत पाठवतोय. खुर्ची रिकामी ठेवून गेलास आणि मी इथं एकटा पुढच्या चाली मांडत बसलोय. बघायला लोकही नाहीत, एकटी धुरपता.

तू मला फक्त डाव शिकवलास असं नाही. त्या कामावर पाण्याचे दोन रांजण होते, आणि कुणाचा कोणता हे कुणी सांगत नव्हतं, सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी तू डाव सोडून उठलास, आमच्या रांजणातून तांब्या भरून घटाघट प्यालास आणि परत येऊन म्हणालास, "तुझी चाल." त्यावर आपण कधीच बोललो नाही. तुझ्या गळ्यातलं लिंग आणि आमच्या घरातली बाबासाहेबांची तसबीर यांचं त्यानंतर कधी वाकडं आलं नाही. गुरम्मावहिनीनं माझ्या ताटात वाढलेली शेंगाची पोळी मला अजून आठवते.

मग नवा जिल्हा झाला. नव्या कचेऱ्यांना जुने कारकून पाहिजे होते, तुझं गाव निलंग्याकडचं, तू अर्ज केलास. तुला आनंद झाला होता आणि मी तुझ्यासमोर आनंद दाखवला. खरं सांगू? लातूरचा जिल्हा झाल्याचा इतका राग साऱ्या मराठवाड्यात माझ्याएवढा कुणाला आला नसेल. उस्मानाबादचे लोक जिल्हा तुटला म्हणून चिडले असतील, माझा तर माणूस तुटला. तेव्हा तूच तोड काढलीस की कार्डावर खेळू, एका कार्डाला एक चाल. मोठमोठे लोक असं खेळतात म्हणालास. मला कार्ड यायचं तेव्हा मी आधी चाल बघायचो नाही. आधी खालची ओळ बघायचो. "वहिनीला नमस्कार, तुला नाही," असलं काहीतरी लिहिलेलं असायचं.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या दिवाळीपासून तुझ्या अक्षराला काहीतरी झालं होतं. ओळी वर चढायच्या, एकीवर दुसरी. मी मनात म्हणालो, साहेब झाला, घाईत लिहितो. मग संक्रांतीनंतरच्या कार्डात तू घोडा चाललास. डावीकडचा. तो घोडा मी तुझा दसऱ्यालाच मारला होता, डबीत पडला होता. मी कार्ड उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं. पूर्वी असं झालं असतं तर मी गावभर दवंडी पिटली असती. त्या दिवशी मात्र मी तो घोडा डबीतून काढला, पुसला, तू म्हणतोस त्या घरात ठेवला आणि काही न बोलता पुढची चाल पाठवली. तुला ते कळलं. तुझं एकच कार्ड आलं, "खेळ कर, दया करू नको." त्यानंतर काही नाही. तुझ्यापुरता तो तुझा अपमान झाला. मी माफी मागणार नाही, कारण माझं चुकलं असं मला वाटत नाही. मला तो डाव संपायला नको होता, एवढंच. एका घोड्यानं डाव चालू राहत असेल तर मी तुला सगळेच्या सगळे मोहरे परत दिले असते.

मागच्या बाजारी नांदेडच्या स्टँडवर तुझ्या शेजारचा सिद्धराम कंडक्टर भेटला. मी नुसतं "अप्पा कसा आहे?" विचारलं, तर तो तिकिटांच्या पेटीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "अप्पाला आता दिसत न्हाई, काका. दोन्ही डोळे गेले. डाक्टर म्हणले लई उशीर झाला. कुणाला सांगू नका म्हणलेत, तुम्हाला तर मुळीच न्हाई." मुळीच नाही! त्या शब्दावर मी स्टँडवर उभा राहून रडलो, अप्पा. सिद्धरामनं बस दोन मिनिटं थांबवून धरली आणि लोक ओरडायला लागले.

त्या बिनपुठ्ठ्याच्या पुस्तकात नव्हती, पण तू कुठल्यातरी मासिकातून वाचलेली एक गोष्ट सांगितली होतीस. पोलंडचा नायडॉर्फ. एकोणचाळीसमध्ये संघांची मोठी स्पर्धा खेळायला अर्जेंटिनाला गेला आणि मागं युद्ध पेटलं. घरचे सगळे तिकडं अडकले. पत्र जाईना. तेव्हा त्यानं पट न बघता एकाच वेळी चाळीस जणांशी खेळायचं ठरवलं. असं म्हणतात की एवढी मोठी गोष्ट केली तर पेपरात छापून येईल, घरचं कुणीतरी वाचेल आणि मी जिवंत आहे हे त्यांना कळेल, अशी त्याला आशा होती. तो खेळला, बातमीही झाली, पण वाचायला घरचं कुणी उरलं नव्हतं. माझं दैव त्याच्यापेक्षा बरं आहे, अप्पा. माझा माणूस जिवंत आहे, पत्ताही मला पाठ आहे, फक्त तो ओ देत नाही. आठ दिवसांपासून मी डोळ्यांवर पंचा बांधून खेळायला बसतोय. धुरपता पट सांभाळते. तिला खेळ येत नाही, पण मी चुकलो की तिला बरोबर कळतं आणि ती फार खूश होते. रोज सात-आठ चालींनंतर माझ्या डोक्यातला पट विरघळतो. काल मी वजीर चाललो आणि ती म्हणाली, "कोणता वजीर? तो तर तुम्ही मघाशीच घालवला." मला फार बरं वाटलं. तुझ्याशी बरोबरीनं खेळायला मी आता लायक झालो.

गुरम्मावहिनी, आता तुमच्याशी बोलतो. हे पत्र मी त्याच्या नावानं लिहिलं, पण पाकीट फोडणारे हात तुमचे आणि वाचणारा आवाज तुमचा, हे मला पहिल्या ओळीपासून ठाऊक होतं. म्हणून अक्षर मोठं काढलंय. तो मध्ये दोनदा तरी "बंद कर" म्हणाला असेल आणि तुम्ही वाचत राहिलात, तुमचे उपकार आहेत. मी न बोलावता येणार नाही, आलो तर तो परसदारी जाऊन बसेल, मला माहीत आहे. तुमची शाळा चौथीपर्यंत झालीये, आता वाचून झालं, तर लिहा. शेजारी कार्ड ठेवा. तो एखादी चाल सांगेल तर चाल लिहा. चुकीची सांगितली तर चुकीचीच लिहा, सुधारू नका. मला शिवी दिली तर शिवी लिहा, पूर्ण लिहा. नुसता हसला तर "हसले" एवढंच लिहा. काय म्हणतो ते मला चालेल, वहिनी, फक्त त्याच्या तोंडचं असू द्या.

तुझाच, समोर बसून हरायला तयार असलेला,
केरबा